केळुसकरबाईंची दगडी हत्यारं

वाशीच्या आमच्या सोसायटीत एके काळी अशी बोलवा होती की दुसऱ्या मजल्यावरच्या सरोजिनी केळुसकर दुपारी दार लावून नवऱ्याला बडवतात. आवाज यायचा, हे खरं. टक्, टक्, मग जरा शांत, पुन्हा टक्. खालच्या मालतीबाई तर तव्यावरची पोळी सोडून जिन्यात कान लावायला धावत. पण त्या वेळी नंदकिशोरराव तळोज्याच्या कारखान्यात फिटरच्या कामावर असतात, हे लोकांच्या लक्षात यायला गणपती उजाडले. बाई गॅलरीत गोणपाट अंथरून दगडावर दगड आपटत होत्या. आदिमानव हत्यारं कशी घडवायचा, ते स्वतःच्या हातानं करून बघत होत्या.

हे कळल्यावर मालतीबाईंची निराशाच झाली.

गोष्ट एकोणऐंशी सालची. वाशी म्हणजे तेव्हा मोजक्या बिल्डिंगी, मधे कमरेएवढं गवत आणि संध्याकाळी खाडीचा खारट वास थेट स्वयंपाकघरात. दूध नासलं तर पातेलं घेऊन कुणाच्याही दारात जायचं. येताना दुधाबरोबर बातमीही मिळायची.

बाई सकाळच्या शाळेत इतिहास शिकवायच्या. पस्तिशीत त्यांनी पुण्याच्या एका सरांकडे पीएच.डी.ला नाव घातलं. सानपाड्यामागच्या टेकडीच्या उतारावर त्यांना गारगोटीची पाती सापडली होती. बोटाच्या पेराएवढी, हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी घडवलेली. रविवार आला की डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, बाई निघाल्या. सानपाड्याहून मासळी आणणारी पुतळाबाई त्यांना वाटेत बघायची आणि दारात टोपली उतरवताना विचारायची, "बाय, सापरला का सोना?"

"सोनं कुठलं, दगडच."

"दगर? ते त आमचे दारान पन हाय. ने की!"

कुठलं पातं कुठं मिळालं, माथ्यावर, उतारावर की खाली ओढ्याकाठी, यावर बाईंचा सगळा अभ्यास उभा होता. म्हणून प्रत्येक पात्यावर त्या काळ्या शाईनं बारीक खूण करायच्या आणि वरून बिनरंगी नेलपॉलिशचा हात द्यायच्या. "स्वतःच्या नखांना नाही, दगडांना लावते हो!" मालतीबाईंनी गच्चीत जाहीर केलं. पात्यांची चित्रं काढायची राहिली होती, ती दिवाळीच्या सुट्टीत काढायची होती.

त्याआधी खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा. नंदकिशोरराव पान्यांपासून विळीपर्यंत सगळं लखलखीत करून पाटावर मांडायचे. बाई शाळेत गेलेल्या. रावांच्या मनात आलं, बायकोचीही हत्यारंच ना? मग त्यांनाच का वगळायचं? त्यांनी कपाटातले डबे काढले, कारखान्यातून आणलेल्या थिनरमध्ये एकेक पातं बुडवून ब्रशनं घासलं, पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूची फुलं.

बाई आल्या तर राव दारातच उभे, लग्नाच्या फोटोत आहेत तसे खूश. "बघ तरी, कशी चमकतायत!"

बाईंनी एक पातं उलटून बघितलं. मग दुसरं. "अहो, खुणा?"

"ते काळे डाग होय? सगळे काढले. दोन-चार मेले भलते चिवट होते."

बाई तिथंच फरशीवर बसल्या. स्वतः घडवलेले तुकडे त्यांनी नवी धार बघून बाजूला काढले. पण उरलेल्यांत माथ्यावरचं कुठलं आणि ओढ्याकाठचं कुठलं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. पावसाळाभर टेकडीकडे जाणं झालं नव्हतं; आता पुन्हा जाऊन वेचावीत, तर पुतळाबाईनं वाटच बंद केली. "ती टेकरी आता कुठं हाय, बाय? सुरुंग लावला. खरी झाली तिची." नव्या रस्त्यांसाठी टेकडी फोडून तिची खडी केली होती.

दसऱ्याला रावांनी श्रीखंडाला बोट लावलं नाही. मालतीबाई वाटी परत द्यायच्या निमित्तानं वर आल्या आणि सगळं ऐकून म्हणाल्या, "मग अंदाजानं लिहून टाका की! तुमचे सर काय टेकडीला विचारायला जाणारेत?"

रावांनी आशेनं बायकोकडे बघितलं. बाईंनी खरंच टाक उचलला, एक पातं हातात घेतलं. बराच वेळ ते नुसतं फिरवत राहिल्या. मग टाक पुसून ठेवला.

दिवाळीनंतर सर आले, तेव्हा कुंकू लागलेली ती पाती बाईंनी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "सर, ही अभ्यासात धरू नका." सर हळहळले, चहा न पिताच उठले. पुढची काही वर्षं नवरा-बायको दोघं मिळून तळोज्याच्या पलीकडे नव्या टेकड्या धुंडाळत होते. पिशवी रावांकडे, आत हात घालायची मात्र त्यांना बंदी. रविवारी सकाळी दोघं गेटातून बाहेर पडताना गॅलऱ्यांतून थट्टा व्हायची, आणि एखाद्या रविवारी दिसले नाहीत तर चुकल्यासारखंही व्हायचं.

पंच्याऐंशीत बाईंना पदवी मिळाली. राव घरोघर पेढे वाटत सुटले. मालतीबाईंनी दोन उचलले आणि म्हणाल्या, "तेव्हा माझं ऐकलं असतंत, तर हे पेढे आम्ही केव्हाच खाल्ले असते."

बाई म्हणाल्या, "मालतीबाई, अंदाजानंच लिहायचं होतं तर मी उन्हात कशाला तळले असते? घरात बसून सगळं तुमच्याकडूनच नसतं का लिहून घेतलं!"