सोनोग्राफीच्या दारावरचा लाल दिवा

माझे वरचे पुढचे दोन दात दामाजी कोळ्याने पाडले. सत्त्याऐंशी साल, डोंबिवली पश्चिम, डॉक्टर वासंतीबाईंचं प्रसूतिगृह, भर दुपार. मी तिथला कंपाउंडर. लोक अजून विचारतात, "विश्राम, दात का नाही बसवून घेत?" नाही बसवत, जा! आधी त्या माणसाचं ऐका.

दामाजी कोपरच्या खाडीकाठचा. बाप मासेमारी करायचा. खाडीत कारखान्यांचं पाणी उतरायला लागलं तशी मासळी गेली, आणि पोरगा बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागला. डोकं पहिल्यापासून गरम. पण फुकटचा भांडायचा नाही. कारखान्यात पायपांच्या वेल्डिंगचे सांधे एक्स-रेने तपासायचे. तेव्हा दोरी बांधायची, लाल दिवा लावायचा, शिट्टी मारून सगळ्यांना हाकलायचं. "थांबलात तर पोरं होणार नाहीत!" फोरमन ओरडायचा. एकदा त्या यंत्रातला, किरणं सोडणारा, बोटाच्या पेराएवढा चकचकीत तुकडा खाली पडून राहिला. दामाजीचा दोस्त धोंडिबा. त्याने तो उचलून पँटच्या खिशात टाकला. आठवड्याभरात मांडी काळी पडली, मग सडली, आतलं हाड दिसायला लागलं. दामाजी रोज ती मांडी धुवायला जायचा. धोंडिबा गेला त्या दिवशी दामाजीने फोरमनचं डोकं धरून पायपावर आपटलं आणि नोकरी घालवली.

हे मला मागाहून कळलं. आधी कळायला काय झालेलं?

वासंतीबाईंनी सोनोग्राफीचं मशीन घेतलं तेव्हा आमच्या भागात ते नवलच होतं. आत बाई झोपलेली, आणि नातेवाईक धाडकन दार उघडून घुसायचे. म्हणून मी दारावर लाल दिवा बसवला. दिवा लागला की आत यायचं नाही. माझीच अक्कल! काय रुबाब वाटायचा मला त्या दिव्याचा. पण करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

दामाजीची बायको शेवंती, सातवा महिना, अंगावरून थोडं थोडं रक्त जात होतं. आधीचं एक पोर पोटातच गेलेलं. दामाजी आणि त्याची आई मंजुळाबाई तिला घेऊन आलेले. शेवंतीला आत नेलं तेव्हा दामाजी माझ्याजवळ आला. "ओ भाऊ, या मशीननं पोराला काय होत नाय ना?"

नीट विचारलेलं हो त्याने, अगदी हात जोडून. पण माझ्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता, बाकावर अकरा बायका खोळंबलेल्या, माझं टाळकं सटकलेलं. म्हटलं, "तुम्हाला काय कळणार त्यातलं? डॉक्टर तुम्ही का आम्ही? गप बसा तिकडे." आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला.

त्याने दिव्याकडे पाहिलं, आणि चेहराच उतरला त्याचा. "शेवंते! बाहेर ये!" असा ओरडला की बाकावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. एका लाथेत कडी खिळ्यांसकट निघाली. मी मध्ये पडलो, म्हणजे आ बैल मुझे मार. त्याने लोखंडी स्टूल उचललं आणि माझ्या तोंडावर घातलं. मी खाली. तोंडात रक्ताची गुळणी, हातावर दोन दात. तेच स्टूल पुढे मशीनच्या पडद्यावर. काचा शेवंतीच्या अंगावर उडाल्या. मग मशीन आडवं पाडून त्याने ते लाथांनी तुडवलं. वासंतीबाई बुटकीशी बाई, शेवंतीपुढे हात पसरून उभ्या राहिल्या, त्यांना त्याने भिंतीवर ढकललं.

"अरे, तिची वार खाली आहे, गर्भाशयाच्या तोंडावर! हलवू नकोस, मरेल ती!" बाई किंचाळत होत्या.

"जाळताय माझ्या पोराला!" असं म्हणून त्याने शेवंतीला उचललं आणि चालता झाला. ती त्याच्या छातीवर बुक्क्या मारत होती.

माझ्या ओठाला पाच टाके पडले. दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "विश्राम, कोपरला जा. त्याला एक्स-रे वाटला असणार. हा एक्स-रे नाही, नुसता आवाज असतो, एवढं सांग आणि तिला घेऊन ये."

"त्या रानटी माणसाच्या दारात? मेलो तरी जाणार नाही," मी म्हटलं. "मरू दे त्याची बायको."

बोललो मी हे. तोंड सुजलेलं, तरी शब्द स्पष्ट आले. मग बाईंनी बायजाला, आमच्या आयाबाईला, पाठवलं. दामाजीने तिला दगड मारून परत धाडलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात रिक्षा थांबली. शेवंतीचं लुगडं घोट्यापर्यंत लाल. मंजुळाबाईंनी तिला धरलेलं, आणि दामाजीच्या हातात कोयता. "तुमच्या मशीननं हिचं रक्त काढलं! एकेकाला कापीन!" त्याने माझ्यावर वार केला. मी वाकलो म्हणून वाचलो. कोयता दाराच्या चौकटीत रुतला, तो उपसायला त्याने पाय लावला, तेवढ्यात मंजुळाबाईंनी त्याच्या थोबाडीत मारली. एक, परत एक.

"मेल्या, रक्त जात होतं म्हनून तर हिला आनली होती ना! रक्त आधी, मशीन नंतर! तुजी अक्कल खाडीत वाहून गेली का रं?"

त्याचा हात कोयत्यावरून सुटला. मग त्यानेच शेवंतीला उचलून टेबलावर ठेवलं.

बाईंनी पोट कापलं. रक्ताच्या बाटल्यांसाठी माणूस कल्याणला पळवला. पोरगी निघाली, रडली. बाटल्या येईपर्यंत शेवंती थांबली नाही.

दामाजी भिंतीवर डोकं आपटत राहिला. कपाळ फुटलं, भिंतीला रक्त लागलं, तरी थांबेना. शेवटी मी त्याला मागून मिठी मारली आणि रडत रडत म्हटलं, "दामाजी, तो एक्स-रे नव्हता रे. नुसता आवाज असतो. पोराला काही होत नाही."

तो थांबला, मागे वळला. माझ्या फाटलेल्या ओठाकडे बघून म्हणाला, "मग मी विचारलं तेव्हा का नाय सांगितलंस?"

त्या घावापुढे दातांचा घाव काहीच नव्हता. लाल दिवा मी त्याच संध्याकाळी ठेचून टाकला.

याला आता नऊ वर्षं झाली. बाईंनी पुढे दुसरं मशीन घेतलं. दामाजी टेंपो चालवतो, पोरीला शाळेत सोडतो. कोळीवाड्यातल्या कुठल्याही बाईला सोनोग्राफी सांगितली की तिला टेंपोत बसवून तोच घेऊन येतो. आला की भरल्या बाकांसमोर उभा राहून मोठ्याने विचारतो, "ओ भाऊ, या मशीननं पोराला काय होत नाय ना?"

उत्तर त्याला पाठ आहे. तरी मी हातातलं काम टाकतो. जीभ दातांच्या फटीत जाते. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो, "नाही, दामाजी. एक्स-रे नसतो. आवाज असतो. आवाज आत जातो, परत येतो, त्याचं चित्र दिसतं."

मग तो त्या बाईकडे वळतो. "जा गो आत," तो म्हणतो. "आज सांगितलं त्यानं."