पुरावा, चोवीस तासांच्या आत

परवा फोनने कळवलं, जागा संपली. मी डिलीट करायला बसले आणि तासाभराने उठले, तेव्हा सात लग्नपत्रिका आणि एक भरल्या भेंडीची रेसिपी उडवली होती, बस. बाकी सगळा आमचा ग्रुप. असले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. माळ्यावरच्या डब्यांसारखे आपोआप साठतात, आणि टाकायला काढले की प्रत्येकाचं झाकण उघडून बघावंसं वाटतं.

ग्रुपचं नाव 'पुराव्यानिशी'. इतिहास, धर्म, तत्त्वज्ञान, म्हणाल त्यावर वाद. एकोणीस मेंबर, पण बोलतात चौघंच. पहिले परबकाका. दिंडोशीला माझ्या समोरच्या दारात राहतात. मूळ मालवणचे, वडील गिरणीत, स्वतः अंधेरीच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते, आता रिटायर. देव मानत नाहीत. दुसरे विल्सन अंकल, मनोरीचे, त्याच कंपनीत स्टोअर्सला होते. चर्चमधली रविवारची मिस्सा चुकवत नाहीत. दोघांनी तीस वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला. तिसरी श्रुती, परबकाकांची भाची, मुलुंडला राहते, तत्त्वज्ञानात एम.ए. चौथे गालाभाई, घाटकोपरला स्टेशनरीचं दुकान, मराठी तुमच्या-माझ्यापेक्षा शुद्ध.

मी वैशाली, अॅडमिन. कोर्टात स्टेनो आहे. दिवसभर दोन्ही बाजू ऐकायच्या, साहेब सांगतील ते टाइप करायचं, आपलं मत आपल्या पर्समध्ये. ग्रुपवरही मी तेच करते.

ग्रुपचे नियम दोन, दोन्ही परबकाकांचे. एक, कोणी काही दावा केला आणि समोरच्याने 'पुरावा?' विचारलं, तर चोवीस तासांत पुरावा द्यायचा. नसेल तर 'माझं चुकलं' असं लिहायचं. दोन, घरगुती बातम्या टाकायच्या नाहीत. वाढदिवस नाही, बारसं नाही, श्रद्धांजली नाही.

पहिली सहा वर्षं 'माझं चुकलं' एकदाही कोणी लिहिलं नाही. आणि ह्या दोन नियमांपायी परबकाकांची तीस वर्षांची दोस्ती तुटायची पाळी आली. ते सांगतेच, पण आधी बाकीचं.

*

नियम झाल्यावर पहिला बळी गालाभाईंचा. त्यांनी सकाळी गुलाबाचं फूल टाकलं, खाली लिहिलेलं, 'संयम हाच खरा दागिना.'

परबकाकांनी लगेच विचारलं, "पुरावा?"

आम्हाला वाटलं, माणूस ग्रुप सोडणार. संध्याकाळी दुकान वाढवून गालाभाईंनी बायकोचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "एकोणतीस वर्षं मला आणि सासूबाईंना सांभाळते आहे. गळ्यात बघा, दुसरा दागिना नाही."

परबकाकांनी पुरावा मान्य केला. गालाभाईंना मात्र त्या दिवाळीला सोन्याची चेन करावी लागली, कारण तो फोटो त्यांच्या मेव्हण्यापर्यंत पोचला होता.

*

एकदा गालाभाईंनीच जोगेश्वरीच्या लेण्यांवर भलामोठा मेसेज फॉरवर्ड केला. वर लिहिलेलं, 'एका थोर संशोधकाचे मत, जरूर वाचा.' मत असं, की ही लेणी तिथे कोरली, कारण बंदरावरून येणारे व्यापारी मुक्कामाला तिथे थांबत.

परबकाका तुटून पडले. चौदा मुद्दे काढले. "लेखकाने लेणी डोळ्यांनी पाहिलेली दिसत नाहीत. भाषा बाळबोध आहे. संशोधक कसला, रिकामटेकडा दिसतोय." शेवटी नेहमीचं, "पुरावा?"

श्रुतीने पुरावा दिला. पण व्यापाऱ्यांचा नाही, लेखकाचा. ग्रुपमध्येच मागे मागे जाऊन तिने एक स्क्रीनशॉट काढला. दोन वर्षांपूर्वीचा मेसेज, शब्दन् शब्द तोच. पाठवणारे परबकाका. मेसेज जगभर फिरून घरी परत आला होता, फक्त नाव गळलं होतं.

मग परबकाकांनी लिहिलं, "माणसाचा अभ्यास वाढत असतो."

'माझं चुकलं' नाहीच. विल्सन अंकलनी एक मिनिट दहा सेकंदांचा व्हॉइस मेसेज टाकला. त्यात एकही शब्द नव्हता, नुसतं हसणं होतं. मी तो अजून ठेवलाय.

*

त्याच वादानंतर ठरलं, एकदा जाऊन ती लेणी बघूया तरी. रविवारी पाचही जण जमलो. मला धाकधूक, आता समोरासमोर हे एकमेकांच्या नरड्याला लागणार.

कसलं काय. लेण्यांत शिरल्यावर परबकाका म्हणाले, "थंड आहे ना आत?" विल्सन अंकल म्हणाले, "गुडघ्याला बरं वाटतं." मग गुडघे, मग शुगर, मग पाणीकपात. गालाभाईंनी खाकरे काढले. इतिहासावर एक अक्षर नाही.

परतताना मी, परबकाका आणि विल्सन अंकल एका रिक्षात. मी मध्ये. पाच मिनिटांनी माझा फोन वाजायला लागला, थांबेचना. बघते तर ग्रुपवर जुंपलेली. कोण? माझ्या डाव्या हाताला बसलेले आणि माझ्या उजव्या हाताला बसलेले. दोघं मान खाली घालून टाइप करतायत, आणि मध्येमध्ये विल्सन अंकल तोंडाने विचारतायत, "परब, वारा लागतो का रे तुला?"

*

श्रुतीचा किस्सा वेगळाच. तिने महिनाभर लावून धरलं होतं, की माणसाला स्वतःची इच्छा म्हणून काही नसतं. जे होतं ते आधीच्या कारणांनी ठरलेलं असतं.

नेमकं तेव्हाच घरी तिच्यासाठी एक स्थळ आलेलं, बोरिवलीचं. हिने नकार दिला. तिच्या आईने, म्हणजे परबकाकांच्या बहिणीने, भावालाच झाडलं, "तुझ्या त्या ग्रुपनेच वाट लावली पोरीची."

परबकाका ग्रुपवर गरजले, "इच्छाच नसते ना माणसाला? मग नकार कोणी दिला?"

"तो ठरलेलाच होता, मामा."

"आता मुलाच्या बापाला मी काय सांगू?"

"फोन करून बघा. त्याचाही नकार ठरलेला असेल."

परबकाकांनी तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडचे गृहस्थ चाचरत म्हणाले, "बरं झालं तुम्हीच केलात. आमचा मुलगा नाही म्हणतोय हो, तुम्हाला कसं सांगावं कळत नव्हतं."

दोन दिवस ग्रुपवर कोणी श्रुतीला पुरावा मागितला नाही.

*

आता मघाशी म्हटलं ते.

परबकाकांच्या बायकोला, सुनंदाकाकूंना, जाऊन चार वर्षं झाली. काकांनी काही म्हणजे काही केलं नाही. दहावं नाही, तेरावं नाही. नातेवाईक रुसले, येईनासे झाले. तेव्हा विल्सन अंकल रोज मनोरीहून होडीने मार्व्याला, तिथून बसने दिंडोशीला यायचे. हातात डबा. बायकोने, फिलूआंटीने, दिलेला. बसायचे, डबा रिकामा झाला की जायचे. हे मी समोरच्या दारातून बघितलंय.

ह्या वर्षी ऑगस्टमध्ये फिलूआंटी गेली. परबकाकांनी तिला खांदा दिला.

सप्टेंबरात पितृपक्ष लागला आणि गालाभाईंनी विषय काढला, श्राद्धाचं खरंच कुठे पोचतं का? परबकाकांना असा विषय म्हणजे तयार पाट-पाणी. त्यांनी लिहिलं, "मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणजे बंद झालेल्या नंबरला फोन. पलीकडे कोणी नाही, आणि आपण हॅलो हॅलो करतोय."

लोकांनी हसण्याचे चेहरे टाकले. खोटं कशाला बोलू, मीही टाकला.

संध्याकाळी ग्रुपवर एक बारीक राखाडी ओळ आली. विल्सन यांनी ग्रुप सोडला.

त्या दिवशी फिलूआंटीची महिन्याची मिस्सा होती. माणूस गेल्याला महिना झाला की त्याच्या नावाने चर्चमध्ये प्रार्थना असते, ती. विल्सन अंकलनी ते ग्रुपवर टाकलं नव्हतं, कारण घरगुती बातम्या टाकायच्या नाहीत. परबकाकांना मात्र आठवड्याआधी फोन करून सांगितलं होतं, ये म्हणून. आणि काका विसरले. गेले नाहीत ते नाहीतच, वर हे लिहून बसले.

मला राग आला, म्हणून मी पर्समधलं मत बाहेर काढलं. म्हटलं, "काका, फोन करा."

"करीन ना. पण मी बोललो ते तत्त्वतः बरोबरच आहे."

"मग तत्त्वालाच बोलवा डबा घेऊन."

त्यावर त्यांनी दार लावून घेतलं.

पुढचे सहा-सात आठवडे ग्रुप म्हणजे नुसता रखरखाट. कोणी काही टाकलं तर काका 'पुरावा?' विचारायचे, पण जीव नसायचा त्यात. फोन काही केला नाही. एक गोष्ट मात्र मी बघत होते. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत ग्रुप उघडला, की वर दिसायचं, परब टाइप करत आहेत. पाच मिनिटं, कधी दहा. मग ते बंद व्हायचं, आणि यायचं काहीच नाही.

*

नोव्हेंबरच्या सुरुवातीला काकांनी माझी बेल वाजवली. इस्त्रीचा शर्ट, खिशात घडी केलेला कागद.

"वैशाली, मनोरीक येतंस? त्यांचा तो मृतांचा दिवस आहे आज. विल्सन सापडेल." मग लगेच, "प्रार्थनेला मी बसणार नाही. बोलायचं नि निघायचं."

मार्व्याहून होडीत बसलो. काकांनी कागद काढून मला दाखवला. मुद्दे होते, चार. पहिला, 'तारीख लक्षात राहिली नाही, हा हेतुपुरस्सर अपमान नव्हे.' दुसरा, 'विधान सर्वसाधारण होते, व्यक्तिगत नव्हते.' पुढचे मी वाचले नाहीत.

"काका, हे वाचून दाखवणार तुम्ही?"

"तोंडाने नाय जमत गो माका," ते म्हणाले, आणि पाण्याकडे बघत बसले.

चर्चमागच्या कबरस्तानात अख्खं गाव जमलेलं. प्रत्येक कबर झेंडूने सजवलेली, वर मेणबत्त्या. सगळी घरं आपापल्या माणसांपाशी उभी. विल्सन अंकल फिलूआंटीच्या कबरीशी, आमच्याकडे पाठ. आम्ही मागे भिंतीला टेकून उभे राहिलो. फादर घराघराने दिलेल्या याद्या वाचत होते. एकेका घराची नावं घ्यायची, लोकांनी प्रार्थना म्हणायची, मग पुढचं घर.

विल्सन अंकलचं घर आलं. फादरनी वाचलं, "जोसेफ. रोझी. फिलोमिना. सुनंदा."

काकांनी माझं कोपर पकडलं. बराच वेळ सोडलं नाही.

फादर पुढच्या घराकडे गेले, तसे काका सरळ चालत विल्सन अंकलपाशी गेले. मी मागोमाग. अंकलनी वळून पाहिलं, दचकले वगैरे नाहीत.

काकांनी विचारलं, "ही सुनंदा कोण?"

"तुझीच. दुसरी कुठली असणार?"

"कधीपासून?"

"ती गेली तेव्हापासून. दर वर्षी यादी फिलू लिहायची. यंदा मी लिहिली."

काकांचा हात खिशाशी गेला. कागद काही बाहेर आला नाही. अंकलनी खालच्या पिशवीतून एक मेणबत्ती काढून पेटवली आणि त्यांच्यापुढे धरली.

काका म्हणाले, "विल्सन, ह्यातलं काही पोचत नाही रे."

"नाही तर नाही. तू धर आधी, वारा आहे."

काकांनी धरली. वारा होताच, समुद्रावरचा. दोघांनी एकेक हात आडवा केला आणि ती तशीच उभी धरून ठेवली, संपत येईपर्यंत. मला रडू आलं, मी दुसऱ्यांच्या कबरीवरचे झेंडू बघत राहिले.

परतीच्या होडीत काकांच्या बोटावर मेण सांडलेलं, ते काढत बसले होते. मी अॅडमिनचं काम केलं. विल्सन अंकलना ग्रुपमध्ये पुन्हा घेतलं.

मार्व्याला उतरलो. रिक्षाच्या रांगेत काका माझ्यापुढे, मान खाली घालून. माझा फोन वाजला. ग्रुपवर परबकाका. सहा वर्षांत पहिल्यांदा, दोनच शब्द.

"माझं चुकलं."

रांग दोन रिक्षा पुढे सरकली, तरी काका जागेवरच उभे. मग फोन परत वाजला.

विल्सन अंकल. "पुरावा?"