इंजिनावरचा ससा

भगवानला लहानपणापासून एक खोड होती. कुठलीही वस्तू दिसली की ती आतून कशी असेल हे कळेपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर नसे. मोरिवलीतल्या शेजाऱ्यांची घड्याळं, सायकलींचे डायनामो, एकदा तर समाजमंदिराचा भोंगा, सगळं त्याच्या हाताखालून गेलं होतं आणि त्यातलं निम्मं पुन्हा जुळलंही होतं. अशा माणसाला अंबरनाथच्या फाउंड्रीत पॅटर्नमेकरची नोकरी मिळाली, हे त्याचं नशीब आणि मोरिवलीतल्या घड्याळांचंही. लोखंड ओतायचं तर आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो. तो बहुतेक वेळा दोन अर्ध्यांत करायचा, दोन्ही अर्धे वाळूत दाबायचे आणि मग साचा तयार. असे अर्धे जुळवण्यात भगवानचं अर्धं आयुष्य गेलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे नेमका तोच ते विसरणार आहे.

आगगाडीचं वेड मात्र त्याला चाळिशी उलटल्यावर लागलं, म्हणजे मुळात होतं ते उफाळून वर आलं. नव्वद सालच्या सुमाराला तो उल्हासनगरात चार नंबरच्या कॅम्पात हशूच्या दुकानात टेपरेकॉर्डर घेऊन गेला. हशू हा सिंधी गृहस्थ रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचा. त्या दिवशी त्याच्या टेबलावर कुणा गिऱ्हाइकाची परदेशी खेळण्यातली गाडी पडली होती. पितळी रुळांचं कडं, हाताच्या पंजाएवढं वाफेच्या घाटाचं इंजिन, मागे तीन डबे. हशूनं वायर जोडली आणि गाडी गोल फिरू लागली. टेपरेकॉर्डर भगवानच्या काखेतच राहिला.

"साईं, बैठो ना. उभ्या उभ्या किती बघणार?" हशू म्हणाला.

"बसलो की चाकं दिसत नाहीत," भगवान म्हणाला.

हशूला हे उत्तर भारी आवडलं. तोही त्यातलाच निघाला. लहानपणी आईच्या मांडीवर बसून तो फाळणीच्या वेळी कोळशाच्या गाडीनं कल्याणच्या निर्वासित कॅम्पात आला होता. बाकी सगळं विसरला होता, पण डोळ्यात गेलेला कोळशाचा कण आणि लांबच लांब शिट्टी त्याच्या लक्षात होती. त्या दिवसापासून दर रविवारी दोघांची बैठक जमू लागली. हशू जुन्या टेपच्या मोटारी काढायचा, भगवान लाकूड आणि पत्रा कापायचा. दोघांच्या बायका आपापल्या घरी कपाळाला हात लावायच्या.

दोन-तीन किरकोळ गाड्या करून झाल्यावर भगवानच्या मनानं घेतलं की आता म्हातारी करायची.

म्हातारी म्हणजे मोरिवलीजवळच्या एका जुन्या कंपनीचं वाफेचं इंजिन. स्टेशनच्या यार्डातून मालाचे डबे ओढून कंपनीत न्यायचे आणि रिकामे परत सोडायचे, एवढंच तिचं काम. चढावर धापा टाकायची म्हणून गावानं तिला म्हातारी नाव ठेवलं होतं. सगळी मोरिवली तिच्या शिट्टीवर चूल पेटवायची. भगवान आणि त्याचे सोबती कंपनीच्या तारेच्या कुंपणाला नाक लावून तिची वाट बघायचे. पुढे कंपनी बंद पडली, कामगार चहूकडे पांगले आणि म्हातारी भंगारात गेली. इतकी वर्षं रोज दारावरून जाणाऱ्या त्या इंजिनाचा कुणी एक फोटोही काढून ठेवला नव्हता. आता ती नेमकी कशी होती हे शोधून काढायचं, या कल्पनेनंच भगवानच्या हातांना खाज सुटली.

या कामात घरातूनच मदत होईल अशी त्याची अपेक्षा होती, कारण त्याची बायको चांगुणा ही म्हातारीच्या ड्रायव्हरची मुलगी. पण मदत राहिली बाजूला, तिथूनच भांडणाला सुरुवात झाली.

चांगुणा सात वर्षांची असताना तिचे वडील केरबा तापानं गेले. कंपनीच्या आवारातल्या चाळीतली खोली सोडावी लागली, आई तिला घेऊन विठ्ठलवाडीला मामाकडे गेली, आणि ते आवार, ती चाळ, ते इंजिन पुन्हा तिच्या नजरेस पडलं नाही. लग्न होऊन ती मोरिवलीत आली तोवर म्हातारी भंगारात गेलेली होती. वडिलांचा फोटो नव्हता. चेहरासुद्धा तिला धड आठवत नसे. आठवायचं ते एवढंच: चाळीसमोरून इंजिन जातंय, बाबा बाहेर झुकून हात हलवतायत, आणि इंजिनाच्या काळ्या टाकीवर एक पांढराशुभ्र ससा काढलेला आहे.

हे तिनं लग्नानंतर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा भगवान पोट धरून हसला होता. सासरचेही हसले. "इंजिनावर ससा? मग गार्डाच्या डब्यावर काय, कासव?" असं कुणीतरी म्हणालं आणि ते वर्षानुवर्षं टिकलं. मोरिवलीतल्या एकानंही म्हातारीवर कधी ससा पाहिला नव्हता, आणि मोरिवलीनं तर तिला जन्मभर पाहिलेलं. चांगुणानं मग तो विषय काढणं सोडून दिलं. पण आत कुठेतरी ते तिला खुपत राहिलं. ससा खोटा असेल, तर झुकून हात हलवणारे बाबा तरी खरे कशावरून? पोरक्या पोरीनं मनानंच रचलेलं असेल तेही. वडिलांची म्हणून तिच्याजवळ एवढी एकच गोष्ट होती.

भगवाननं मोरिवलीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून विचारून भंडावलं. धुराडं किती उंच, पाठीवरचे वाफेचे घुमट एक की दोन, चाकं किती. प्रत्येकाचं उत्तर वेगळं. रोज समोर असलेली गोष्ट माणूस बघतच नाही की काय, याचंच त्याला नवल वाटू लागलं. एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत होतं. म्हातारीच्या कुशीला पाण्याचा पंप होता, चांगला नगाऱ्याएवढा, फुस्स फुस्स करणारा. भगवाननंही तो डोळ्यांनी पाहिला होता. त्यानं तसा पंप केला. एका बाजूला आहे म्हणजे दुसऱ्या बाजूलाही असणारच, असं धरून दोन्ही बाजूंना बसवला.

"हे काय लावलंस?" चांगुणानं विचारलं.

"पंप."

"असलं काही नव्हतं तिला. साफ काळी टाकी होती. आणि तिच्यावर…" ती थांबली.

"ससा," भगवान म्हणाला आणि नको तेवढं हसला. "चांगुणे, अख्खं गाव खोटं आणि तू एकटी खरी?"

त्या दिवशीची भाजी खारट झाली, आणि भगवाननं ती मुकाट्यानं खाल्ली.

ब्याण्णवच्या आंबेडकर जयंतीला मोरिवलीच्या समाजमंदिरात म्हातारी चालवून दाखवायचं ठरलं. भगवाननं टेबलं जोडून त्यांवर मोठं लंबगोल कडं मांडलं आणि त्याची मागची बाजू पुठ्ठ्याच्या बोगद्यातून नेली. मधल्या मोकळ्या जागेत स्टूल आणि हशूनं बनवलेला ट्रान्सफॉर्मर. त्याचं बटण फिरवलं की गाडी कमी-जास्त पळणार. भगवानला बाहेर उभं राहून लोकांना सगळं समजावून सांगायचं होतं आणि हशू आवाजाच्या टेपची वायर धरून बसणार होता. मग बटणावर बसणार कोण? चांगुणा टेबलाखालून वाकून आत गेली आणि स्टुलावर बसली. चेहरा अजून फुगलेलाच.

भगवाननं कापडाखालून इंजिन काढलं आणि रुळांवर ठेवलं. ठेवताना त्यानं एवढंच पाहिलं की मोरिवलीकर जी बाजू बघत आले ती बाहेर त्यांच्याकडे यावी. दुसरी बाजू कोण बघणार होतं?

गाडी सुटली. हशूच्या टेपमधून भकभक सुरू झाली. म्हातारी पहिल्या वळणावर थोडी अडखळली, मग चालू लागली, आणि पुढे बसलेले एक आजोबा उठूनच उभे राहिले.

"हीच ती! आरं, हीच म्हातारी आपली! पंप बघ, पंप बघ तिचा!"

एकच गलका झाला. कुणी शिट्टी घातली, कुणी खोकून दाखवलं. भगवानची छाती फुगली. आता आतल्या मंडळींनाही कळलं असेल, म्हणून त्यानं मोठ्या ऐटीत बायकोकडे पाहिलं. आणि बघतो तर काय, चांगुणा हसत होती. नुसती हसत नव्हती, गाडी समोर आली की तिची मान गाडीबरोबर फिरत होती आणि डोळे भरून आले होते.

"काय गं, पटलं ना?" त्यानं ओरडून विचारलं.

"अगदी अशीच होती!" तिनंही ओरडून सांगितलं.

भगवान चक्रावला. कालपर्यंत पंपावरून रुसलेली बाई आज अगदी अशीच म्हणते? त्याची ती जुनी खोड उसळून वर आली. लोकांना सोडून तो टेबलाखालून रांगत आत गेला आणि स्टुलाशेजारी उभा राहिला. गाडी वळणावरून आली. काळ्या टाकीवर पांढरा ससा होता. कान ताठ, शेपटीचा गोंडा. आदल्या दुपारी हशूच्याच दुकानातला पांढरा रंग मागून तिनं तो काढला होता. पंप होता तिथे सुपारीएवढं भोक होतं, कारण पंप तिनं सरळ उपटून टाकला होता.

भगवानला आधी संताप आला. चार महिन्यांचं काम त्याचं. तो ओरडणार तेवढ्यात बाहेरून पुन्हा आरोळी उठली, "पंप बघ तिचा!" त्यानं मान वर केली. समोर सगळी मोरिवली टाळ्या वाजवत होती. त्या सगळ्यांना पंप दिसत होता. एकालाही ससा दिसत नव्हता. आणि इथे स्टुलावर बसलेल्या बाईला फक्त ससा दिसत होता, पंप नव्हताच.

"चांगुणे," तो हळूच म्हणाला, "तुमची चाळ रुळांच्या कुठल्या अंगाला होती?"

"आवारातच की. रुळांच्या पलीकडं. अल्याड तुमचं कुंपण."

"आणि म्हातारी वळायची कुठं?"

"वळेल कशाला? धुराडं पुढं करून यायची, तशीच उलटी जायची."

जन्मभर लाकडाचे दोन-दोन अर्धे जुळवणाऱ्या माणसानं अर्धंच इंजिन पाहून अख्खं इंजिन केलं होतं. मोरिवलीला म्हातारीची एक कूस ठाऊक आणि चाळीला दुसरी. नवराबायको दोघंही खरं बोलत होते आणि अठरा वर्षं एकाच ताटलीत जेवून भांडत होते. हशूनं आत डोकावून पाहिलं, ससा पाहिला, भगवानचं तोंड पाहिलं, आणि आवाजाची टेप चुकून उलटीच फिरवली.

पण नुसत्या शक्यतेवर थांबला तर तो भगवान कसला. कंपनीत केरबाच्या हाताखाली कोळसा टाकणारा एक सुदाम नावाचा फायरमन होता. जुन्या गेटवरच्या चहावाल्याकडून त्याचा बदलापूरचा पत्ता लागला. पुढच्या रविवारी नवराबायको इंजिन फडक्यात गुंडाळून सुदामकाकांच्या अंगणात हजर झाले.

म्हाताऱ्यानं फडकं सोडलं, इंजिन हातात घेतलं. पंपाची बाजू बघितली, मान डोलावली. मग फिरवलं आणि तसाच बघत राहिला.

"ससा कुनी काढला ह्यो?"

चांगुणा पुढे सरकली. "होता ना, काका?" एवढंच ती म्हणाली.

"होता म्हंजे? डबा म्याच धरला व्हता रंगाचा. तू केरबाची पोर काय गं?" त्यानं तिला नीट न्याहाळलं. "तुझ्यापायीच की सगळं."

"माझ्यापायी?"

"तू भ्यायचीस इंजिनाला. लई भ्यायचीस. शिट्टी झाली की किंचाळत घरात पळायची, खाटंखाली जाऊन बसायची. केरबाला लागायचं ते. म्हनायचा, सुदाम, माझी पोर मलाच भितीया रं. मंग एक दिस त्यानं ह्यो ससा काढला. चाळीकडच्याच अंगाला. साहेबाचं हापिस दुसऱ्या अंगाला, त्याला काय कळनार?"

चांगुणा ऐकत होती. भगवानच्या मनात मात्र अजून एक खुंटी अडकून होती. त्यानं विचारलं, "काका, ड्रायव्हर कुठल्या अंगाला उभा राहायचा?"

"हँडल गावाकडच्या अंगाला. तुमच्या मोरिवलीकडं."

चांगुणाचा चेहरा उतरला. "पण मला तर बाबा चाळीकडं झुकलेले आठवतात."

"मंग? चाळ आली की मला म्हनायचा, सुदाम, जरा धर हँडल. आन् माझ्या जागी येऊन उभा ऱ्हायचा. चाळ सरंपर्यंत. रोज." सुदामकाकानं इंजिन तिच्या ओंजळीत ठेवलं. "ससा काढला त्याच्या दुसऱ्या दिवशी तू पळाली न्हाईस. दारात उभी ऱ्हायलीस आन् हात हलवलास. केरबा त्या दिवशी शिट्टी वाजवायची इसरला."

परतीच्या गाडीत भगवान म्हणाला, "त्या भोकावर पत्रा बसवतो. रंग नीट मिळवून देतो."

"दे," चांगुणा म्हणाली. इंजिन तिनं मांडीवर धरलं होतं, सशाची बाजू स्वतःकडे करून. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मी खरंच इतकी भ्यायचे?"

तिनं पुष्कळ आठवून पाहिलं. चाळ आठवली, दार आठवलं, झुकलेले बाबा आठवले. भीती काही केल्या आठवेना.