धोंडाबाईला काय हवं होतं

निलोफर बागवान नाशिकच्या एका कॉलेजात ऑक्युपेशनल थेरपी शिकवायची. आजाराने अधू झालेल्या माणसाला त्याची रोजची कामं पुन्हा करता यावीत, यासाठीची ही विद्या. तिच्या विद्यार्थ्यांना त्यातलं हुकूम सोडणंच तेवढं चांगलं जमायचं. हात वर, हात खाली, अजून दहा वेळा.

२००२च्या फेब्रुवारीत तिने तिसऱ्या वर्षाच्या अमितला विचारलं, "धोंडाबाई का येत नाहीत?"

धोंडाबाई पेठ तालुक्यातली. अर्धांगवायूने डावा हात लुळा पडला, म्हणून पंचवटीत भाजी विकणाऱ्या लेकीकडे येऊन राहिली होती. अमित तिला कॉलेजच्या रुग्णालयात बारा दिवस लाकडी फळ्याच्या भोकांत खुंट्या बसवायला लावत होता.

"कोऑपरेट करत नव्हत्या, मॅडम. केसपेपरवर तसं लिहिलंय."

"त्यांना कुठलं काम करायचं होतं?"

अमितने केसपेपर तिच्यापुढे केला.

"बारा दिवसांत एकदा तरी विचारलंस?"

"ते आपण ठरवतो ना? त्यांना काय कळतं?"

निलोफरचं डोकं फिरलं. तिने केसपेपर टेबलावर आपटला. "मग गुरं हाक जा. माणसांच्या वाटेला जाऊ नकोस."

त्याच दुपारी तिने त्याला रिक्षात घातलं आणि पंचवटी गाठली. धोंडाबाई खोलीत परात गुडघ्याने भिंतीशी दाबून नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ मळत होती. परात निसटत होती, पीठ सांडत होतं. अमितला पाहून तिने तोंड फिरवलं.

"आजी, तुम्ही ना परात अशी धरा..."

"सांगू नकोस," निलोफर म्हणाली. "विचार."

अमित घुटमळला. "आजी, तुम्हाला काय करायचंय?"

"आता इचारतोय व्हय?" धोंडाबाई फणकारली. "भाकर करायची हाय मला. लेक पहाटंच बाजारात जाते, नातवंडं उपाशी ऱ्हातात. तुझ्या खुट्या घालून कुणाचं प्वाट भरलं?"

खाली मान घालून त्याने विचारलं, "परात कशानं सरकते?"

"फरशी गुळगुळीत हाय. घरी शेणाची भुई व्हती, तिथं नाय सरकायची." बोलता बोलता ती थांबली. कोपऱ्यातलं गोणपाट ओढून तिने पाणी शिंपडलं आणि परातीखाली सारलं. उजव्या हाताने लुळा हात उचलून परातीच्या काठावर ठेवला. परात जागची हलली नाही. भाकर जाड, वाकडी झाली, पण झाली.

तिने अमितकडे पाहिलं. "माझं बारा दिस गेलं. ते कोण देणार?"

 परतताना निलोफरचा राग स्वतःवरच होता. सहा वर्षं ती पोरांकडून स्नायूंची नावं घोकून घेत होती. पेशंटला विचारायचं कसं आणि मग गप्प बसायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलं होतं?

तिने विभागप्रमुखांकडे आठवड्याला दोन तास मागितले. "गप्पा मारायला तास?" ते म्हणाले. "सिलॅबसमध्ये दाखवा." मग तिने शनिवारी कॉलेज सुटल्यावर वर्ग सुरू केला. समोर खरा पेशंट, आणि अर्धा तास त्याला एकही हुकूम द्यायचा नाही. ज्याच्या तोंडून 'करा' निघालं, तो बाहेर. पहिल्या शनिवारी चौदा आले, नऊ बाहेर गेले. मार्क नाहीत म्हटल्यावर दिवाळीपर्यंत पाचच उरले. त्यात अमित होता.

२००७ साली नव्या विभागप्रमुखांनी तोच विषय वेळापत्रकात घातला आणि शिकवायला पुण्याहून तज्ज्ञ बोलावले. निलोफरला साधं विचारलंही नाही. तज्ज्ञांनी पडद्यावर तासभर गोल आणि बाण दाखवले. शेवटी मागच्या बाकावरून ती उठली, वॉर्डात गेली आणि मधुमेहाने पाय गेलेल्या मनमाडच्या सहादूंना, त्यांची परवानगी घेऊन, चाकाच्या खुर्चीतून वर्गात घेऊन आली.

"सर, यांना काय हवंय ते विचारा."

तज्ज्ञांनी घड्याळ पाहिलं. विभागप्रमुखांचा चेहरा लाल झाला. पुढच्या रांगेतली एक मुलगी उठून सहादूंसमोर जमिनीवर बसली आणि तिनेच विचारलं.

सहादूंनी बराच वेळ घेतला. कुणीही मध्ये बोललं नाही.

"संडासला एकट्यानं जायचंय," ते म्हणाले. "सून नेते. मेल्याहून मेल्यासारखं होतं."