टेकडीवरचा सापळा आणि आठवा पतंग

जिओकॅशिंगच्या नकाशावर आर्णीच्या बाजूला एक नवा ठिपका दिसला आणि ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी मी नागपूरहून यवतमाळची एसटी धरली. हा खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. कुणीतरी एक डबी लपवतं आणि तिचं ठिकाण संकेतस्थळावर टाकतं. आपण मोबाइलच्या आधाराने ती शोधायची, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबी होती तशी ठेवायची.

मुक्काम आर्णीत, सलीमकडे. तो मोटारसायकलींचा मेकॅनिक आणि माझा जुना मित्र. सकाळी बसस्थानकाजवळ तर्री-पोहे खाल्ले, साठ रुपयांत दोघांचं भागलं. मग त्याच्या गाडीवरून निघालो. दोन्ही बाजूंना कपाशीच होती, पण वेचायला आलेल्या शेतांतही बोलणं बोंडअळीचंच. ती वर्षंच तशी होती.

शेवटचा रस्ता कच्चा आहे. टेकडीच्या पायथ्याशी कृषी संशोधन केंद्र लागतं. गाडी फाटकाशी लावता येते, पण वर जाताना आत सांगून जा. आम्ही सांगितलं नाही, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

चढ पाऊण तासाचा, पण अंगावर येणारा. पायाखालचा मुरूम सरकतो. चांगले बूट आणि दोन लिटर पाणी हवंच. संकेतस्थळावर एकच खूण दिली होती : हात उंचावला की सापडेल. माथ्यावर मोबाइल म्हणाला, सहा मीटर. समोर कड्याच्या टोकाला बांबूवर पिवळं प्लास्टिकचं नरसाळं होतं आणि त्याखाली लांब पारदर्शक पिशवी लोंबत होती.

"भाऊ, हे तं सरकारी दिसते," सलीम म्हणाला.

"तसंच दिसायला हवं. मुरलेले लोक डबी अशाच वेशात लपवतात."

मी पिशवीची खालची गाठ सोडली. मनगटाला काहीतरी हलकंसं घासून गेलं. पाचोळा असेल, असं वाटलं.

"हात लावू नका त्याले!"

मी दचकलो. हिसका बसून पिशवी नरसाळ्यातून निसटली आणि उतारावर दहा-बारा फूट खाली बोरीच्या काट्यांत अडकली.

पायवाटेने वर आलेली बाई पस्तिशीची असेल. काखेत रजिस्टर. वंदनाताई, केंद्रात रोजंदारीवर काम करणारी. रोज सकाळी सापळ्यातले पतंग मोजणं हे तिचं काम. सापळ्यात मादीचा वास ठेवलेला असतो, त्यावर बोंडअळीचे नर पतंग येतात.

"दोन राती आठ-आठ निंगाले. कालची तिसरी रात होती," ती म्हणाली. "आजही आठ झाले तं गावाले फवारणीचा निरोप जाते. आता काय लिहू मी?"

मी खाली उतरायला लागलो. "उभे नका उतरू, बसून सरका!" ती वरून ओरडली. एका जागी टाच सुटली आणि मुरूम खडखडत दरीत गेला; किती वेळ आवाज येत राहिला, सांगता येत नाही. पिशवीची दोन्ही तोंडं मुठीत दाबून मी वर आलो.

तिने पिशवी दगडावर पसरली. पतंग जागच्या जागी निपचित पडले होते. तिने काडीने एकेक बाजूला केला. सात.

"कोणी उडालं काय? खरं सांगा."

मग तीच पुढे म्हणाली, "गेल्या साली फवारता फवारता औषध चढून माह्या घरचे पडले. चार दिवस दवाखान्यात होते. सात असले तं उद्या पंप उचला लागत नाही."

"सातच म्हणा न, भाऊ," सलीम हळूच पुटपुटला.

तिने मान वर केली. "कायले सात म्हणा? अन् अळी साऱ्या गावच्या बोंडात गेली तं तुम्ही येता काय वेचाले?"

मी मनगटाकडे पाहिलं.

"एक उडाला, ताई. गाठ सोडली तेव्हाच."

"पक्कं?"

"पक्कं."

तिने लिहिलं : पिशवीत सात, उडाला एक. मग रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. "पाहणारा म्हणून तुम्ही सही करा. फोन नंबरही टाका." मी तिचाही घेतला.

डबी आम्ही शोधलीच नाही. नागपुरात परतल्यावर मी संकेतस्थळावर नोंदवलं, 'सापडली नाही', आणि खाली सापळ्याबद्दल ठळक इशारा लिहिला. अशी नोंद मी एरवी जिवावर येऊन करतो. या वेळी त्याचं काहीच वाटलं नाही. डोक्यात दुसरंच चालू होतं.

मंगळवारी दुपारी न राहवून तिला फोन लावला. बराच वेळ वाजला.

"झाली फवारणी," ती म्हणाली. "मास्क मीच बांधला. वारा उठला तसं अर्ध्यावर थांबवलं, बाकीचं आज सकाळी केलं."

"आणि तुमच्या घरचे?"

पलीकडे ताटाचा आवाज झाला, कुणीतरी पाणी मागितलं.

"जेवून राह्यले," ती म्हणाली.