तांदळातलं नाव

"भाषण झाला असंल तर शिकवा आता," असं म्हणून ती काजूच्या तेलाने काळी पडलेली बोटं पदराला पुसायची आणि पाटीसाठी हात पुढे करायची.

भाषण माझं असायचं. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत प्रौढांचा साक्षरता वर्ग सुरू केला. पहिल्या दुपारी अंगणवाडीत, पोरांच्या इवल्याशा खुर्चीत बसून बायकांना शिक्षणाचं महत्त्व पटवून दिलं आणि उठलो, तर खुर्ची माझ्यासकट उठली. सगळ्या हसून लोळल्या. खुर्ची ओढून काढली ती हिनेच. "गुरुजी, बसायचा कुटं ता आदी शिका."

वाडी तिला काकी म्हणायची, म्हणून मीही. तुमच्या वाडीतही अशी एखादी काकी असेल. तिचं नाव विचारलंय कधी?

मी तिला रेशनकार्डावरचं नाव शिकवलं, नवऱ्याच्या आडनावासकट. तिने ते न बघता लिहिलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. ती पाटीकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघत होती.

"ह्या तांदळातला झाला. आता माजा शिकवा."

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. लग्नात नवऱ्याने ताटात तांदूळ पसरून अंगठीने तिचं नवं नाव गिरवलं होतं. "समदी हसली म्हनून मी पन हसली. काय लिवलान ता मना काय कलनार? दुसऱ्या दिवशी सासू हाका मारतेय, मी आपली भांडी घासतेय. म्हनाली, बहिरी आनलीस काय रे?"

मी खो खो हसलो. ती हसत नाहीये, हे जरा उशिरा लक्षात आलं.

"आयशीबापसानं ठेवलेला नाव. त्या नावान हाक मारनारा आता कोन उरला नाय. मी तरी लिवीन."

छोटंसंच नाव. तरी वेळ लागला. मधेच तिचा दमा उसळला, काजूच्या कारखान्यातलं काम सुटलं. मी घाई केली की म्हणायची, "अक्षर काय पलून जातंय?" आणि एका दुपारी अंगणवाडीच्या जांभ्याच्या पायरीवर खडूने तिने ते लिहिलं. मोठं, जरा तिरकं.

"वाचा."

मी वाचलं.

"असा नाय. हाक मारा."

मी हाक मारली. काकीने पदर डोळ्यांना लावला आणि लहान मुलीसारखी म्हणाली, "ओ."

पावसाळा संपता संपता ती गेली. मुलाने नाक्यावर श्रद्धांजलीचा फलक लावला. फुलांच्या चौकटीत फोटो, खाली ठळक अक्षरांत तांदळातलं नाव. त्याची काय चूक? दुसरं त्याला ठाऊकच नव्हतं. पायरीवरचं पावसाने केव्हाच नेलं होतं. पुन्हा लिहावं म्हणून मी खडू घेऊन तिथे बसलोसुद्धा. पण अक्षर माझं आलं असतं.

मग फलकाखाली उभा राहून मी हळूच तिला हाक मारली, तिच्या नावाने.

चहाच्या टपरीवरचा माणूस वळला. "कोनाला बोलवताय गुरुजी? त्या नावाचा हितं कोन नाय."