सुतकातलं तेल

माझ्या केसांना कुरळे म्हणणं म्हणजे कावेरीला ओढा म्हणणं. बारीक, आडमुठे, गुंतायला टपलेले; तंजावरच्या घामट हवेतसुद्धा कोरडे ठणठणीत. शाळेतल्या मुली काथ्या म्हणायच्या आणि आईचं डोकं फिरायचं. कोरड्या केसांना फणी लावायची नाही, हा तिचा कायदा. आधी पाणी, ओल्यावरच कोमट तिळाचं तेल, मग बोटांनी गुंता सोडवायचा, तोही टोकाकडून वर. शुक्रवारी जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत रस लावून न्हाऊ घालायची आणि अप्पांच्या जुन्या, मऊ वेष्टीत, म्हणजे धोतरात, केस गुंडाळायची. मी नोकरीला लागले तरी हे चालूच होतं. मला स्वतःला ते कधी धड जमलंच नाही.

शेवटी शेवटी ती अंथरुणाला खिळली. अप्पा तिच्या खाटेशी बसून नारळाच्या काथ्याचा गोळा भिजवायचे आणि बोटांनी सोडवत राहायचे. ती पडल्या पडल्या बघायची, मध्येच "अंहं" म्हणायची. मी एकदा फणकारले, "काय हे अप्पा, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी!" दोघंही हसली. सांगितलं मात्र काही नाही.

मग ती गेली.

सुतकात आमच्याकडे तेल नाही, फणी नाही. रोज डोक्यावरून पाणी, तेवढंच. बाकीच्यांचं निभावलं, माझ्या जटा झाल्या. लोक यायचे, रडायचे, कॉफी पिऊन जायचे. मला काहीच वाटत नव्हतं. भूक नाही, रडू नाही, काही नाही. पापनाशमहून आलेल्या आत्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, तो अडकलाच.

"ऐयो! हे आता सुटत नाही, पोरी. सुतक फिटलं की कापून टाकू."

"बरं," मी म्हणाले. आईनं जन्मभर जपलेले केस, आणि मी नुसतं बरं म्हणाले.

अप्पा ऐकत होते. घरात सगळ्यांत कडक सोवळं त्यांचं. ते उठले आणि थोड्या वेळानं मागच्या अंगणातून मला हाक मारली. तिथं पाण्याची बादली होती, आणि वाटीत तेल. कोमट.

आत्या दारातूनच आपल्या भावावर ओरडली, "अण्णा! सुतकात तेल? लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या डोक्याला लावत नाही मी," अप्पा म्हणाले.

त्यांनी पाणी घातलं, मग तेल. बोटं टोकाशी लागली. एक गाठ, मग तिच्या वरची. तेव्हा कुठं मला तो काथ्या आठवला.

"आईनं शिकवलं?"

"हो. फार रागवायची. काथ्या तुटला की म्हणायची, आत्ता पोरीला दुखलं असतं."

तेवढ्यात एक गाठ जोरात ओढली गेली. त्यांचा हात थबकला. "दुखलं का ग?"

"दुखलं," मी म्हणाले, आणि रडूच फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, अंगणात, सगळ्यांसमोर, हमसून हमसून.

"अंहं," अप्पा स्वतःलाच म्हणाले, आणि परत टोकाकडून सुरुवात केली.